जावा पुन्हा बोलती करताना

'जावा' म्हटलं की आजच्या मुलांना इंडोनेशियातलं बेट आठवतं, नाहीतर संगणकाची भाषा. आमच्या पिढीला मात्र गाडीच आठवते. या गाडीचा त्या बेटाशी काही संबंध नाही. चेकोस्लोव्हाकियात यानेचेक नावाचे शस्त्रांचे कारखानदार होते. १९२९ साली त्यांनी जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून मोटरसायकलचा उद्योग घेतला आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून आपल्या गाडीचं नाव ठेवलं. चेक माणूस त्याचा उच्चार 'यावा' असा करतो. आपण इंग्रजी अक्षरं वाचली आणि जावा म्हणालो. मराठीत त्यामुळे एक विनोद आपोआप तयार झाला. ज्या घरात दोन भावांनी दोन गाड्या घेतल्या, तिथं शेजारी म्हणायचे, 'एका दारात दोन जावा, भांडण ठरलेलंच!'

ही गाडी भारतात बनू लागली ती १९६१ पासून, म्हैसूरला. रुस्तम आणि फारुख इराणी यांनी 'आयडियल जावा' नावाचा कारखाना तिथं उभा केला. १९७३ पासून तिथल्या गाड्यांवर 'येझदी' हे नाव आलं, १९७८ साली 'रोडकिंग' आली आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. २०१८ साली नव्या कंपनीनं जावा हे नाव पुन्हा रस्त्यावर आणलं, पण ती गाडी वेगळी, तिचं इंजिनही वेगळं. मी बोलतोय ते जुन्या, टू स्ट्रोक, दोन सायलेन्सरच्या, मरून रंगाच्या जावाबद्दल. अशा कितीतरी गाड्या आजही जिन्याखाली, गोठ्याच्या कडेला, पोत्याखाली झाकून उभ्या आहेत. घरात कुणाला तरी एक दिवस वाटतं, ही पुन्हा चालू करावी. मग पुढं काय?

आमच्या मिरजेच्या घरी हाच प्रश्न आला. अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि १९६९ची जावा त्यांनी कुणाकडून तरी हातबदल घेतली होती. बेडग, आरग, मालगाव, बदली होईल तिथं तीच. १९९४ साली गुडघे दुखू लागले म्हणून त्यांनी ती बोळात लावली, ती तिथंच राहिली. २००९ साली अब्बा गेले. गाडीवर पोतं, पोत्यावर सरपण, असं करत ती दिसेनाशी झाली. काही वर्षांपूर्वी माझ्या पुतण्यानं ती बाहेर ओढली. इंजिनीअरिंगला होता तेव्हा तो. त्याला तिची 'बॉबर' करायची होती. म्हणजे मागचं मडगार्ड कापायचं, एकाच माणसाची बसकी सीट, रुंद टायर, काळा मॅट रंग. अम्मी म्हणाली, 'तुझ्या दादांची गाडी होती तशी कर, नाहीतर पोत्याखाली राहू दे.' घर दोन तटांत विभागलं. निकाल लागायच्या आधी एक गोष्ट मात्र दोघांनाही मान्य करावी लागली. इंजिन दोन्हींना लागतंच.

बंद गाडी हाती आली की माणूस पहिल्यांदा किक मारतो. ती मारू नये. इतक्या वर्षांत पिस्टन सिलिंडरला गंजानं चिकटलेला असू शकतो आणि जोर लावला की रिंगा तुटतात. आमच्या मिस्त्रींनी प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि ऑइल ओतलं आणि गाडी आठवडाभर तशीच ठेवली. रोज येऊन मागचं चाक हातानं थोडं हलवून बघायचे. पाचव्या दिवशी पिस्टन हलला. या वेळात पुतण्यानं दुसरं काम केलं. गाडीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, कुठली वायर कुठं जाते, कुठला नट कुठल्या बाजूचा, हे लिहून ठेवलं, आणि प्रत्येक भागाचे नटबोल्ट वेगळ्या डब्यात ठेवले. हे काम कंटाळवाणं आहे, पण गाडी खोलणं दोन दिवसांचं आणि जोडणं दोन महिन्यांचं असतं. तेव्हा हे डबेच उपयोगी पडतात.

आता या इंजिनाची थोडी ओळख. अडीचशे सीसी, एक सिलिंडर, दोन सायलेन्सर. चार स्ट्रोकच्या गाडीत हवा-पेट्रोल आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला व्हॉल्व्ह असतात. इथं ते नाहीत. पिस्टन स्वतःच वरखाली होताना सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या उघडतो, झाकतो. पिस्टन वर जातो तेव्हा खालच्या क्रँकच्या पेटीत मिश्रण ओढलं जातं. तो खाली येतो तेव्हा ते दाबलं जाऊन वर जातं. म्हणजे खालची पेटीही हवाबंद हवी. हे समजलं की टू स्ट्रोकचे निम्मे रोग समजले. पेटीच्या दोन्ही बाजूंना क्रँकवर रबरी ऑइल सील असतात. वीस वर्षं उभ्या गाडीत ते कडक होऊन चिरतात. जावाच्या डाव्या बाजूला क्लच आणि ऑइल असतं. तिकडचा सील गेला की गिअरचं ऑइल ओढलं जाऊन पांढरा धूर निघतो आणि ऑइल कुठं जातंय ते कळत नाही. उजव्या बाजूला डायनामो असतो, ती बाजू कोरडी. तिकडचा सील गेला की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि भर रस्त्यात पिस्टन जाम होतो. सील बदलायचे तर इंजिन पूर्ण उघडावं लागतं, म्हणून पुष्कळ लोक हा खर्च टाळतात आणि त्या पैशात क्रोम करून घेतात. माझ्या मते पहिला पैसा सीलवर आणि क्रँकच्या बेअरिंगवर जावा, शेवटचा चकाकीवर.

सिलिंडर लेथवर नेऊन बोअर करावा लागतो. पाव पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मोठे पिस्टन मिळतात. आधी किती वेळा बोअर झाला आहे ते मापून घ्यावं, कारण प्रत्येक सिलिंडरला मर्यादा असते. सायलेन्सरच्या आतल्या जाळीत कार्बन साठून दगड होतो. तो जाळून किंवा खरवडून काढला नाही तर नवं इंजिनही दम लागल्यासारखं चालतं.

आमचे मिस्त्री सत्तरीचे. त्यांना ऐकू कमी येतं, पण इंजिन ऐकू येतं. कार्बुरेटरचा स्क्रू अर्धा फेरा फिरवून ते मान वाकडी करून ऐकत बसायचे, तेव्हा मला आमच्या सतारमेकर गल्लीची आठवण यायची. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनीच मिरजेत तंबोरे-सतारी बनवायला सुरुवात केली, हे अनेकांना ठाऊक असेल. तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर घोडीवर कानस एकदाच फिरवतो आणि दहादा तार छेडतो. मिस्त्रींचं तसंच. पॉइंटमधली फट ०.४ मिलिमीटर, हे पुस्तकात आहे. ती तेवढी झाली की नाही हे ते पट्टीनं मोजायचे आणि मग आवाजानं पुन्हा खात्री करायचे.

टाकीची गोष्ट थोडी धोक्याची. आतून गंजलेली टाकी तशीच वापरली तर गंजाचे कण कार्बुरेटरमध्ये जातात. काहीजण आत खडी टाकून हलवतात, काहीजण तेजाब ओततात. सगळ्यात सौम्य उपाय विजेचा. टाकीत पाणी आणि धुण्याचा सोडा, मधोमध टाकीला न चिकटणारी लोखंडी सळई, बॅटरीच्या चार्जरची ऋण तार टाकीला, धन तार सळईला. गंज हळूहळू सुटतो आणि चांगला पत्रा शाबूत राहतो. मात्र हे उघड्यावर करावं, कारण हायड्रोजन वायू निघतो. सळई स्टेनलेस स्टीलची अजिबात नको, तिच्यातून क्रोमियमचं विष पाण्यात उतरतं. आणि ज्या टाकीत कधीकाळी पेट्रोल होतं, तिला वेल्डिंग करायला कुणी 'रिकामी तर आहे' म्हणत असेल तर त्याला थांबवावं. रिकाम्या टाकीतली वाफच भडकते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि जुने रबरी पाइप, कॉकमधले बुचाचे वायसर फुगवतं. ते नवेच घालावेत आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवावी.

टाकीच्या दोन्ही बाजूंचं क्रोम म्हणजे जावाचा चेहरा. क्रोमचा थर फार पातळ असतो, चमक खरी असते ती खालच्या निकेलची आणि त्याआधीच्या बफिंगची. खड्डे बुजवल्याशिवाय क्रोम केलं की खड्डेच चमकतात. पण आमच्या टाकीवर उजव्या बाजूला एक पोचा होता. आरगच्या ओढ्यात पावसाळ्यात अब्बा गाडीसकट पडले होते, त्याचा. कामगार म्हणाला, दहा मिनिटांत काढतो. अम्मी म्हणाली, राहू दे. पुतण्या वैतागला. मी अम्मीच्या बाजूनं होतो, आणि त्याचं कारण केवळ भावनेचं नव्हतं. जुन्या पोथीत एखादी ओळ किडीनं खाल्लेली असते. चांगला संपादक तिथं आपली ओळ घुसडत नाही, जागा मोकळी सोडतो. मात्र जिथं पान गळून पडायला आलं आहे, तिथं तो पाठीमागून कागद चिकटवतो. सील बदलणं म्हणजे कागद चिकटवणं. पोचा ही मोकळी जागा.

मग पुतण्याची हौस चुकीची होती का? तसं मला वाटत नाही. गाडी आपल्या मनासारखी करणं हे गाडीइतकंच जुनं आहे. युद्धानंतर अमेरिकेत पोरांनी मडगार्ड कापली, लंडनच्या कॅफेंबाहेरच्या पोरांनी हँडल खाली वाकवली. प्रश्न एवढाच की केलेला बदल परत फिरवता येतो का. सहा व्होल्टची वायरिंग काढून बारा व्होल्टची घातली, दिवा चांगला केला, सीट बदलली, तर जुने भाग तेलकट कापडात गुंडाळून ठेवता येतात. चासी कापली, मडगार्ड कापलं की संपलं. अशी जुनी मडगार्ड आता शोधावी लागतात आणि मिळाली तर त्यांची किंमत ऐकून घाम फुटतो.

कायदाही याच बाजूला झुकतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार, नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली तेच पुन्हा बजावलं. त्यानंतर २०२१ साली व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात राखलेली, चासी-इंजिन-बांधणीत मोठे फेरफार न केलेली गाडी त्यांत बसते. ज्या गाडीची नोंदणी आधीच झाली आहे तिला जुना नंबर ठेवता येतो. आमच्या गाडीचा तीन अक्षरं आणि चार आकड्यांचा नंबर अम्मीला पाठ आहे, म्हणून ती बातमी तिनं मला दोनदा वाचायला लावली. पण यात एक मेख आहे. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यांसाठीच ती रस्त्यावर आणायची. ज्याला गाडीवरून बाजारात जायचं आहे त्यानं नेहमीचीच नोंदणी नूतनीकरण करून घ्यावी, पर्यावरण कर भरावा, विमा काढावा. रंग देताना चासीच्या नंबरावर लांबी भरू देऊ नये. तपासणीच्या वेळी तो वाचता आला नाही तर पुढचे सहा महिने कार्यालयाच्या बाकावर जातात.

आमच्या घरचा तह असा झाला. रंग मरून, लायनिंग ब्रशनं, हातानं, पोचा जागेवर. पुतण्याला बारा व्होल्ट आणि त्याच्या पसंतीचे टायर. ब्रेकला नवे लायनर, चाकांचा आउट काढून आरे नवे, यात वाद नव्हता.

जावाचा गिअरचा दांडा हीच किक असते. तो आत दाबून वर फिरवायचा, मग मारायचा. पुतण्याला ते जमेना. अम्मी उंबऱ्यावरून सांगत होती, 'आधी आत दाब, आधी आत.' वर्षानुवर्षं तिनं ते रोज सकाळी पाहिलं होतं. सातव्या किकला गाडी लागली, बोळ धुरानं भरला. बोअर केलेल्या इंजिनाला पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नये, चढावर रेटू नये, आणि पेट्रोलमध्ये ऑइल थोडं जास्त घालावं. एरवी लिटरला चाळीस मिली लागत असेल तर या दिवसांत पन्नास. ते पाचशे किलोमीटर पुतण्या मिरज ते बेडग करतो आहे. दर रविवारी, सकाळी लवकर, ट्रक सुरू व्हायच्या आत.