शटर बसवण्याआधी बाहेर पडायची वाट पाहा

भूगाव, भुकूम, पिरंगुट, घोटावडे फाटा... मुळशीच्या या रस्त्याला गेल्या काही वर्षांत किती इमारती उभ्या राहिल्या! खाली गाळे, मागे गोदाम आणि वर राहतं घर. विजेवरचं शटर आता सर्रास बसतं. पण कोटेशन घेताना आपण एकच विचारतो, "स्क्वेअर फुटाला काय भाव?" आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा. वीज गेली, धूर झाला, तर आतला माणूस बाहेर कसा येईल?

९ मे २०१९ च्या पहाटे पुण्याजवळ उरुळी देवाची इथल्या एका कपड्यांच्या दुकानाला आग लागली. आत पाच कामगार झोपले होते आणि दुकानाला बाहेरून कुलूप होतं. पाचही जण गेले. दुकानात झोपणारा मुलगाही कुणाच्या तरी घरचा आधार असतो. त्याचा जीव ही मालकाकडची अमानत आहे. म्हणून शटर हे सुटकेचं दार समजू नका. शेजारी किंवा मागे आतून सहज उघडणारं साधं दार ठेवा आणि त्यासमोर माल रचू नका.

आता निवडीकडे वळू. लहान गाळ्याला हाताने ओढायचं शटर पुरतं. साधारण दहा चौरस मीटरच्या पुढे साखळी-गिअरचं किंवा मोटरचं बघावं. दुकानाच्या शटरला मधल्या पाइपावर बसणारी मोटर चालते; गोदामाच्या रुंद, जड शटरला बाजूची मोटर लागते. मोटरची क्षमता किलोत सांगतात. ती शटरच्या वजनापेक्षा पुरेशी जास्त असावी. दिवसात शटर किती वेळा वर-खाली होणार तेही सांगा. रमजानच्या रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या दुकानाचा आणि दिवसातून दोनदा उघडणाऱ्या पार्किंगचा हिशेब एक नाही. सतत चालवली की मोटर तापून बंद पडते.

पट्टीचा गेज विचारताना एक ध्यानात ठेवा: आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. १८ गेज २० पेक्षा मजबूत. ताम्हिणीकडून येणारा पाऊस पाहता पट्टी गॅल्व्हनाइज्ड घ्या, मोटरवर झाकण बसवा, खाली रबराची पट्टी लावा. हवा खेळती हवी तिथे जाळीची पट्टी बरी.

काही गोष्टींत काटकसर नकोच: वीज नसताना शटर उचलणारी हाताची साखळी, वर-खाली जागेवर थांबवणारा लिमिट स्विच, शटर अचानक कोसळू न देणारा ब्रेक, मध्ये मूल आलं तर थांबवणारा सेन्सर आणि नीट अर्थिंग. साखळी आतल्या बाजूला, हाताला येईल अशी हवी. फजरला निघणाऱ्या दादाजींनी अंधारात कुणाची वाट पाहायची?

पैसे देण्याआधी मेन स्विच बंद करायला लावा आणि शटर हाताने उघडून दाखवायला सांगा. घरातल्या बाईमाणसांना, मोठ्या मुलांना आणि कामगारांनाही ते एकदा स्वतः करू द्या. रिमोट मात्र लहानांच्या हाती नको. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, कारागिराला बोलावून साखळी, ब्रेक आणि वायरिंग तपासून घ्या. चोराला अडवणारं शटर घरच्यांना अडवणार नाही, एवढी खात्री झाली की मग भावाची घासाघीस खुशाल करा.