साठा कुठे आहे, ते आधी पाहा

जून महिना उजाडला की वर्तमानपत्रात धरणांच्या पाण्याचे आकडे येऊ लागतात. त्यात दोन शब्द हमखास असतात: उपयुक्त साठा आणि मृत साठा. दारातून सोडता येते ते उपयुक्त. दाराच्या पातळीखाली राहते, सहज बाहेर काढता येत नाही, ते मृत. नळाला पाणी येते तोवर आपल्याला धरणाची आठवण होत नाही. नळ कोरडा पडतो त्या दिवशी आपण घाबरतो, पण धरण त्याआधी कित्येक आठवडे खाली जात असते.

घरातल्या पिंपाचा हिशेबही तोच. आले किती, गेले किती, उरले किती? विज्ञानाच्या बऱ्याच शाखा हाच हिशेब मांडतात. १९७४ साली मुंबई हाय येथे समुद्राच्या तळाखाली तेल सापडले. ते जमिनीखालच्या तळ्यात नव्हते. चुनखडीच्या खडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेले होते, तरी भूगर्भशास्त्र त्याला साठाच म्हणते. हवामानाचे अभ्यासक महासागराला कार्बनचा साठा म्हणतात. वैद्यकशास्त्रात हा शब्द दोन ठिकाणी येतो: शरीरातला साठा आणि रोगाचा साठा. आपल्या घराशी या दोन्हींचा संबंध आहे.

आधी शरीरातला साठा पाहू. रक्त लाल ठेवणाऱ्या हिमोग्लोबिनला लोह लागते. शरीर जास्तीचे लोह यकृतात, प्लीहेत आणि हाडांच्या मगजात जपून ठेवते. पुरुषांकडे हा साठा साधारण १ ग्रॅमपर्यंत असतो. बायकांकडे तो बराच कमी, ३०० मिलिग्रॅमच्या आसपास, कारण दर महिन्याच्या पाळीत लोह जाते. गरोदरपणात सगळे मिळून सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागते. म्हणजे आईकडे आहे त्याच्या कितीतरी पट.

लोह कमी पडू लागले की आधी हा साठा रिकामा होतो. हिमोग्लोबिन त्यानंतर उतरते. म्हणून रिपोर्ट चांगला असला तरी धरण तळाला गेलेले असू शकते. गोळ्या सुरू केल्यावर उलटे घडते. आधी हिमोग्लोबिन सुधारते, साठा मागाहून भरतो. आपल्या आयाबहिणी महिनाभर गोळ्या घेतात, थकवा कमी झाला की बंद करतात, आणि सहा महिन्यांत पुन्हा दम लागू लागतो. नळाला पाणी आले म्हणून धरण भरले असे होत नाही. हिमोग्लोबिन नीट झाल्यावरही डॉक्टर साधारण दोन-तीन महिने गोळ्या चालू ठेवायला सांगतात, त्याचे कारण हेच. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात १८० दिवसांच्या आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवसांच्या गोळ्या मोफत मिळतात. त्या मागून घ्या. शौचास काळी होते, त्याला घाबरू नका. गोळीसोबत किंवा जेवणासोबत चहा नको, चहाने लोह अंगी लागत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळा. मटण-मासे खात असाल तर त्यातले लोह अधिक सहज मिळते.

एक सावधगिरी मात्र हवी. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. धरण आहे, पण सांडवा नाही. ज्यांना वरचेवर रक्त द्यावे लागते, त्यांच्या अंगात लोह साचत जाते आणि यकृताला, हृदयाला इजा करते. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा रुग्ण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला लोहाची गोळी देऊ नका.

आता रोगाचा साठा. रुग्ण बरा झाला म्हणजे रोग संपला असे नाही. रोगजंतू जिथे कायम मुक्काम करतो, ती जागा म्हणजे त्या रोगाचा साठा. देवी रोगाचा साठा फक्त माणसात होता, कोणत्याही जनावरात नव्हता. म्हणून लस देऊन माणसांतली साखळी तोडली तेव्हा विषाणूला राहायला जागाच उरली नाही. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ साली आणि नैसर्गिक लागणीचा जगातला शेवटचा रुग्ण १९७७ साली सोमालियात आढळला. १९८० साली देवीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले.

लेप्टोचे तसे नाही. त्याचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडात राहतात. उंदीर आजारी पडत नाही, पण त्याच्या लघवीतून जंतू पाण्यात आणि चिखलात येतात. कुत्री, डुकरे, गुरे यांच्याकडूनही ते येऊ शकतात. ओल्या जागेत ते कित्येक आठवडे टिकतात आणि पायाच्या जखमेतून, भेगेतून, डोळ्यांतून माणसात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरल्यावर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली.

तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागले तर घरी येताच पाय साबणाने धुवा. पायाला जखम असेल तर गमबूट घाला. ७२ तासांच्या आत दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक औषधाबद्दल विचारा. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी औषध वेगळे असते, म्हणून दुकानातून परस्पर गोळ्या आणू नका. त्यानंतरच्या महिनाभरात जोराचा ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, कावीळ किंवा लघवी कमी होणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि पाण्यातून चाललो होतो हे आवर्जून सांगा.

पण औषधाने रुग्ण बरा होतो, साठा तसाच राहतो. तो कमी करायचा तर कचरा रोज उचलला गेला पाहिजे, गटार वाहते राहिले पाहिजे आणि उंदरांचा बंदोबस्त झाला पाहिजे. उरलेले अन्न उघड्यावर न टाकणे आपल्या हातात आहे. बाकीचे काम पालिकेचे आहे. वस्तीतले लोकच घाणेरडे, असे म्हणून कोणी ते आपल्या गळ्यात मारू नये. गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज पावसाळ्याआधी द्या आणि पोच घ्या.

तिसरा साठा आपल्याच माणसांत असतो. जगातल्या सुमारे चौथाई लोकांच्या शरीरात क्षयाचे जंतू निद्रिस्त आहेत. त्यांपैकी ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी क्षय होतो. जंतू निद्रिस्त असेपर्यंत ती व्यक्ती आजारी नसते आणि तिच्यापासून कुणाला लागणही होत नाही. तेव्हा क्षयरोग्याच्या घरच्यांना वाळीत टाकण्यात काही अर्थ नाही. त्यांनी तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात त्यांच्यासाठी प्रतिबंधक उपचार मोफत आहे. रुग्णाचेही तेच. खोकला थांबला तरी गोळ्या पूर्ण मुदतीपर्यंत घ्यायच्या, नाहीतर उरलेले जंतू पुन्हा उठतात आणि मग साध्या औषधांना दाद देत नाहीत.

घरात कुणाला बरे वाटू लागले की आम्ही एवढेच विचारायला सांगतो: साठ्याचे काय? भरायचा होता तो भरला का, आणि रिकामा करायचा होता तो रिकामा झाला का? डॉक्टरांकडून याचे उत्तर मिळेपर्यंत औषध सोडू नका. आणि गल्लीतल्या गटाराचे उत्तर मिळेपर्यंत अर्जाचा पाठपुरावा सोडू नका.