दुकान दोघांचे, नाव एकाचे

जपानमधल्या जुन्या वस्तीत, एखाद्या गल्लीच्या तोंडाशी सुशीचे लहानसे दुकान असते. दारावर कापडी पडदा, आत लाकडी काउंटर आणि जेमतेम आठ-दहा खुर्च्या. काउंटरमागे सुरी घेऊन नवरा उभा असतो. गिऱ्हाइके त्याला 'ताइशो' म्हणतात, म्हणजे मालक. चहा देणारी, हिशेब करणारी त्याची बायको; ती 'ओकामी'. अशा दुकानात बहुधा नोकर नसतोच. पुष्कळदा वरच्या मजल्यावर घर आणि खाली रोजी.

सुशी म्हणजे कच्चा मासा, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. खरे तर सुशीचा जीव आहे आंबट भात. गरम भात पसरट लाकडी भांड्यात काढायचा, त्यावर सिरका, मीठ आणि साखर यांचे मिश्रण ओतायचे आणि पंख्याने वारा घालत तो हलक्या हाताने परतायचा. एकाने परतावे, दुसऱ्याने वारा घालावा, असे हे दोघांचे काम. पूर्वी मासे टिकावेत म्हणून ते मीठ लावून भातात महिनोन्महिने आंबवत. हाताने वळलेली आजची सुशी मात्र एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, रस्त्यावरच्या गाड्यांवर रुजली. कोकणातल्या भगिनींना ओळखीचा वाटेल असा बांगड्याच्या जातीचा मासाही त्यात असतो. तो आधी मिठात, मग सिरक्यात मुरवतात.

दिवस पहाटे सुरू होतो. तो मासळी बाजारात जातो. टोकियोचा मोठा घाऊक बाजार 2018 मध्ये त्सुकिजीहून तोयोसूला हलला. इकडे ती तांदूळ धुते, आल्याचे पातळ काप मुरवते, काउंटर पुसते, मुलांना शाळेत धाडते. कोणाला वासाबीचा तिखटपणा सोसत नाही, कोणाची आई आजारी आहे, हे सारे तिच्या ध्यानात असते. गिऱ्हाईक माशासाठी येते, पण पुन्हा येते ते या आपुलकीपोटीही.

आणि तिच्या या मेहनतीची किंमत? जपानच्या आयकर कायद्याच्या 56 व्या कलमानुसार, एकाच घरात राहणाऱ्या बायकोला दिलेला पगार सहसा धंद्याचा खर्च धरला जात नाही. साधे विवरणपत्र भरणाऱ्याला तिच्या कामापोटी वर्षाला जास्तीत जास्त 8 लाख 60 हजार येनची वजावट मिळते. रीतसर हिशेबवह्या ठेवून कर कार्यालयाला आगाऊ कळवले, तरच तिचा वाजवी पगार खर्चात धरता येतो. म्हणून लहान धंद्यांतल्या स्त्रिया हे कलम काढून टाका, अशी मागणी करत आल्या आहेत. त्यांचे म्हणणे सरळ आहे: राबणारे हात चार, मग कमाई एकट्याची कशी?

बाहेरची स्पर्धाही कठीण आहे. 1958 मध्ये ओसाकाजवळ फिरत्या पट्ट्यावरची सुशी सुरू झाली आणि पुढे स्वस्त साखळी दुकाने वाढत गेली. लहान दुकानांत मुले नोकरीकडे वळतात. आईबाप थकले की दारावरचा पडदा कायमचा उतरतो.

जपानला जाणाऱ्या आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट. मासा हलाल असला तरी अंड्याच्या वडीत, ईल माशावरच्या रसात आणि काही ठिकाणी भाताच्या मिश्रणातही मिरिन किंवा साके असते. दोन्हींत अल्कोहोल असते. मोठ्या दुकानात विचारणा करणे अवघड जाते. लहान दुकानात आधी कळवले, तर काय घातले आहे ते बनवणाराच सांगू शकतो.

आपल्या घरांतही बेकरी, खानावळ, शिलाईचे दुकान नवरा-बायको मिळून चालवतात. रात्री गल्ला मोजताना एकदा विचारावे, या कमाईत तिचा वाटा किती आणि तो कुठे लिहिला आहे? बरकत दोघांच्या हातांनी येते. वहीतही दोघांची नावे असावीत.