अल्पवित्त श्वानपालकांस साहाय्य

घरचा कुत्रा गुरगुरू वा चावू लागला आणि प्रशिक्षकाची फी ऐपतीबाहेरची ठरली, म्हणजे मारहाण किंवा परित्याग यांवाचून गत्यंतर नाही, हा समज सार्वत्रिक असला तरी यथार्थ नाही.

प्रथम तपासणी : आकस्मिक आक्रमकतेच्या मुळाशी पुष्कळदा शारीरिक वेदना असल्याने पशुवैद्याची भेट सर्वांआधी घ्यावी.

मान्य पद्धती : इष्ट वर्तनास तत्काळ खाऊ वा शाबासकी देणारे प्रशिक्षणच, वर्तनदोष गंभीर असला तरीही, अवलंबावे, असा निर्वाळा अमेरिकेतील प्राणिवर्तनविषयक पशुवैद्यक संस्थेने २०२१ साली दिला.

कायदा : विजेचा धक्का देणारे गळपट्टे वेल्समध्ये २०१० पासून निषिद्ध आहेत, तर भारतात १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमान्वये मारहाण व परित्याग हे दोन्ही गुन्हे होत.

मदत : १८९१ साली स्थापन झालेली ब्रिटनमधील ‘डॉग्ज ट्रस्ट’ ही संस्था, देणगीदारांच्या द्रव्यबळावर, श्वानपालकांस दूरध्वनीवरून वर्तनविषयक सल्ला विनामूल्य देते. धन्याची मिळकत हा मुक्या जीवाच्या भवितव्याचा निकष ठरू नये, यास्तव अशा कार्यास यथाशक्ति हातभार लावणे ही खरी भूतदया होय.