ताकद सगळ्यात शेवटी

जुनी स्पोर्ट्स कार हाती आली की हौशी मालकाचे लक्ष आधी बॉनेटखाली जाते. एअर फिल्टर बदलू, एक्झॉस्ट मोठा करू, जमल्यास टर्बो बसवू, असा विचार सुरू होतो. यात गैर काही नाही, पण क्रम उलटा आहे. गाडीतले सगळे भाग एकाच साखळीत ओवलेले असतात. इंजिनाने निर्माण केलेले बळ क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि अ‍ॅक्सल यांमधून टायरपर्यंत पोहोचते, आणि वेग कमी करायची वेळ आली की गाडीत साठलेली ऊर्जा ब्रेकमधून उष्णता होऊन बाहेर पडते. एक कडी जाड केली की ताण पुढच्या कडीवर जातो. म्हणून माझे म्हणणे असे की, आधी झीज भरून काढावी, मग टायर, मग ब्रेक आणि सस्पेन्शन, आणि ताकद सगळ्यात शेवटी. ही केवळ आवडीची बाब नाही, पदार्थविज्ञानातून निघणारा क्रम आहे. तो तपासायला मझ्दाच्या एमएक्स-५ सारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण, कारण गेल्या तीन दशकांत हौशी मालकांनी या गाडीइतके दुसऱ्या कुठल्या छोट्या स्पोर्ट्स कारला उकलून, मोजून आणि बदलून पाहिले असेल असे वाटत नाही.

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. दोन आसने, कापडी छत, पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना बळ, अशी रचना. वजन एक टनाच्या आत आणि १.६ लिटरच्या इंजिनाची ताकद जेमतेम ११५ अश्वशक्तीच्या आसपास. प्रकल्पाचे प्रमुख तोशिहिको हिराई यांच्यापुढे ‘जिन्बा इत्ताई’ ही जपानी कल्पना होती, म्हणजे घोडा आणि स्वार यांचे एकजीव होणे. मराठीत आपण ‘मांड पक्की बसणे’ म्हणतो, ती हीच गोष्ट. सन २००० मध्ये ५,३१,८९० गाड्यांच्या उत्पादनासह सर्वाधिक खपलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार म्हणून गिनीज बुकने तिची नोंद केली, आणि २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी बनली. आकडे मोठे आहेत, पण आपल्या मुद्द्यासाठी महत्त्वाचे हे की, एवढ्या लोकांनी ती घेतली ती ताकदीसाठी नव्हे. त्या काळातल्या कित्येक घरगुती गाड्या सरळ रस्त्यावर तिला सहज मागे टाकत.

पहिला पुरावा गाडी बनवणाऱ्यांनीच देऊन ठेवला आहे. १९९४ च्या मॉडेलसाठी मझ्दाने १.६ लिटरच्या जागी १.८ लिटरचे इंजिन बसवले. अमेरिकेतल्या गाडीची ताकद त्यामुळे १२८ अश्वशक्ती झाली, म्हणजे वाढ अवघी बारा-तेरा अश्वशक्तीची. पण तेवढ्यासाठी त्यांनी पुढच्या ब्रेकच्या डिस्कचा व्यास २३५ मिलिमीटरवरून २५५ केला, मागचा डिफरन्शियल मोठा आणि मजबूत केला, बॉडीला जादा आधारपट्ट्या दिल्या. ताकदीत दहा-बारा टक्के भर पडली तर बाकीच्या साखळीचे काय करावे लागते, याचा हा कारखान्याने स्वतः मांडलेला हिशेब आहे. आणि हौशी मालक टर्बो बसवतो तेव्हा ताकद निम्म्याने किंवा त्याहून जास्त वाढवू पाहतो.

आता झिजेकडे वळू, कारण गॅरेजमध्ये सर्वात कमी मान मिळतो तो या कामाला. १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या १.६ इंजिनांमध्ये क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड होते आणि त्यावर पुली धरून ठेवणाऱ्या चावीला आधार कमी मिळे. टायमिंग बेल्ट बदलण्याच्या कामात टोकावरचा मोठा बोल्ट सुटा केला जातो. तो पुन्हा बसवताना ठरलेल्या टॉर्कने आवळला गेला नाही, किंवा भाग नीट बसला नाही, तर पुली केसभर हलू लागते. इंजिनाच्या प्रत्येक धक्क्यासरशी चावीची खाच थोडी थोडी रुंदावते. कॅमशाफ्ट आणि त्यावर अवलंबून असलेले ठिणगीचे वेळापत्रक दोन्ही मागे सरकतात. लक्षण काय दिसते? गाडीचा दम कमी झाला. म्हणजे ज्या मालकाला ‘हिच्यात आता ताकद उरली नाही’ असे वाटते आणि जो ताकद विकत घ्यायला निघतो, त्याच्या गाडीला कदाचित एका बोल्टने मारलेले असते. अशा इंजिनावर टर्बो चढवणे म्हणजे खाच आणखी लवकर मोठी करणे. मझ्दाने १९९१ मध्येच क्रँकचे टोक लांब आणि जाड केले. आधीच्या गाड्यांच्या मालकांनी आपापसांत आणखी एक उपाय रुळवला. खाच थोडीच झिजली असेल तर धातूंमधली फट भरणारे कडक औद्योगिक चिकटद्रव्य लावून, नवी चावी आणि नवा बोल्ट घालून, टॉर्क रेंचने मोजून आवळायचे. पूर्ण इंजिन खोलून क्रँक बदलण्याच्या खर्चापुढे हा उपाय नगण्य आहे, आणि तो शोधायला आधी दोष नेमका कुठे आहे हे समजून घ्यावे लागले. दुरुस्तीतली ही बुद्धी मला बदलाच्या कुठल्याही सुट्या भागापेक्षा मोलाची वाटते.

रबराचेही तसेच. या गाडीच्या चारही चाकांना दुहेरी विशबोन सस्पेन्शन आहे. चाक वर-खाली झाले तरी टायर रस्त्याशी योग्य कोनात राहावा, हा त्या आडव्या हातांचा हेतू. पण ते हात ज्या बुशांवर फिरतात ते रबराचे आहेत, आणि तीस वर्षांत ऑक्सिजन, ओझोन आणि उष्णता यांनी रबर कडक होऊन भेगाळते. बुश मेला की व्हील अलाइनमेंटच्या यंत्रावर अचूक लावलेला कोन पहिल्या वळणावरच बदलतो. नवे, महागडे, उंची कमी-जास्त करता येणारे शॉकअ‍ॅब्झॉर्बर मेलेल्या बुशांवर लावले तर ते ज्या भूमितीला साथ द्यायला बनले आहेत, ती भूमितीच जागेवर नसते.

मग टायर. गाडी आणि पृथ्वी यांच्यातला सगळा व्यवहार तळहाताएवढ्या चार ठिकाणी चालतो. टायरची पकड घर्षणगुणांकाने मोजू. १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ०.८५ गुणांकाच्या टायरवर थांबायला साधारण ४६ मीटर घेते, १.० गुणांकाच्या टायरवर ३९ मीटर. सात मीटरचा फरक किरकोळ वाटतो. तोच दुसऱ्या बाजूने पाहा. चांगल्या टायरची गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथे दुसरी गाडी अजून ताशी ३९ किलोमीटर वेगाने धावत असते. आणि टायर जुना आहे की नाही हे नक्षीच्या खोलीवरून कळत नाही. कमी चालवलेल्या हौसेच्या गाडीचा टायर झिजत नाही, पण आतून कडक होतो. त्याच्या बाजूवर कोरलेले चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे, वाचायला फुकट आहेत. तरी ते पाहण्याआधी अनेक जण एक्झॉस्ट बदलतात.

टायरच्या पकडीत आणखी एक बारकावा आहे. टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड दुपटीपेक्षा कमी वाढते. वळणावर वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकते तेव्हा बाहेरची चाके जेवढी पकड कमावतात, त्यापेक्षा आतली जास्त गमावतात. किती वजन सरकते? १००० किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.४५ मीटर, दोन चाकांमधले अंतर १.४१ मीटर आणि वळणावरचे त्वरण गुरुत्वाच्या ०.९ पट धरले तर जवळपास २९० किलो. आतल्या दोन चाकांवर ५०० ऐवजी २१० किलो उरतात. या सूत्रात स्प्रिंगचा कडकपणा कुठेच नाही. कडक स्प्रिंग लावल्याने गाडी कमी झुकते, पण सरकणारे एकूण वजन जवळजवळ तेवढेच राहते. स्प्रिंग आणि अँटी-रोल बार एवढेच ठरवतात की त्यातला किती वाटा पुढच्या चाकांनी उचलायचा आणि किती मागच्यांनी. गाडी खाली बसवल्याने गुरुत्वमध्य उतरतो हे खरे, पण सस्पेन्शनला हलायला जागाही कमी उरते. या गाडीत ती जागा मुळातच थोडी आहे. खड्डा आला की सस्पेन्शन रबरी थांब्यावर आदळते, त्या क्षणी स्प्रिंगचा कडकपणा एकाएकी अनेक पटींनी वाढतो, आणि चाक रस्ता सोडते. झुकत नाही म्हणून जी गाडी वळणावर जास्त घट्ट वाटते, ती खडबडीत वळणावर प्रत्यक्षात कमी घट्ट असू शकते.

ब्रेकच्या बाबतीत गैरसमज आणखी खोल आहे. मोठी डिस्क लावली की गाडी कमी अंतरात थांबते, असे मानले जाते. जो ब्रेक चाक जागच्या जागी लॉक करू शकतो, त्याच्याकडे एकदा थांबवण्यापुरते बळ आधीच आहे. तिथून पुढे मर्यादा टायरची. मोठ्या डिस्कचा उपयोग उष्णता सामावण्यासाठी. १००० किलोची गाडी १०० च्या वेगावरून थांबली की सुमारे ३८६ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. त्यातली ७० टक्के पुढच्या डिस्कवर पडली आणि दोन्ही मिळून लोखंड दहा किलो आहे असे धरले तर एका थांब्याला तापमान जवळपास ६० अंशांनी चढते. शहरात हे कळतही नाही. घाटाच्या उतारावर किंवा रेस ट्रॅकवर थंड व्हायला उसंत न देता पाच-सहा वेळा असे झाले की तापमान साडेतीनशे अंशांपलीकडे जाते. ती उष्णता कॅलिपरमधून ब्रेक ऑइलमध्ये उतरते. हे ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. डॉट ४ दर्जाचे ताजे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्के पाणी मुरले की प्रमाणित किमान मर्यादा १५५ वर येते. उकळले की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पेडल जमिनीला टेकते तरी ब्रेक लागत नाही. म्हणून पहिला खर्च ऑइल बदलून हवा काढण्याचा आणि योग्य पॅडचा. नुसत्या पुढच्या डिस्क फार मोठ्या केल्या तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडून पुढची चाके लवकर लॉक होतात आणि मागच्या टायरांची पकड वाया जाते. पैसे खर्चून थांबण्याचे अंतर वाढवण्याचा हा मार्ग आहे.

यावर एक आक्षेप रास्तपणे घेतला जातो: कंपनीच्या अभियंत्यांना एवढे कळत होते तर मालकाने हात घालावाच का? त्याचे उत्तर असे की, कारखान्याची गाडी कुणा एकासाठी बनत नाही. तिला बर्फातही चालायचे असते आणि वाळवंटातही, निष्काळजी चालकाच्या हाती सुरक्षित राहायचे असते, आवाज, किंमत आणि वॉरंटी सांभाळायची असते. एका मालकाला आपला रस्ता, आपले हवामान आणि आपला वापर ठाऊक असतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळा तोल बरोबर ठरू शकतो. मात्र तो तोल मूळ अवस्था आधी परत मिळवल्याशिवाय ओळखताच येत नाही. दुसरा आक्षेप मनातला आहे: ताकदीत जो आनंद आहे तो टायर-बुशात कसा असेल? तो आनंद मी नाकारत नाही. पण हवेचा रोध भेदायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. कमाल वेगात १० टक्के भर घालायची तर सुमारे ३३ टक्के जास्त ताकद हवी, आणि त्या वेगाने जायला कायदेशीर जागा जवळजवळ कुठेच नाही. पकडीतली सुधारणा मात्र प्रत्येक वळणावर, मर्यादेतल्या वेगातही हाताला जाणवते.

कायद्याचाही विचार आधीच करावा लागतो. जर्मनीत बदललेला भाग तपासून कागदपत्रांवर चढवून घ्यावा लागतो. कॅलिफोर्नियात धुरावर परिणाम करणाऱ्या भागाला तिथल्या हवा मंडळाची मान्यता लागते. भारतात मझ्दाने ही गाडी अधिकृतपणे कधी विकली नाही, पण मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ प्रत्येक गाडीला लागू आहे, आणि निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. दुरुस्तीला, चांगल्या टायरला, ताज्या ब्रेक ऑइलला आणि नव्या बुशांना कुणाची आडकाठी नाही.

हे सगळे झाल्यावर, नियमात बसत असेल तिथे, टर्बोचा विचार करावा. त्याचे गणित मोहक आहे, कारण त्याच इंजिनात जास्त हवा कोंबली जाते. पण हवा दाबली की तापते. ३० अंशांची हवा वातावरणाच्या दीडपट दाबाला नेली तर आदर्श स्थितीतही ती ६७ अंशांवर जाते, आणि प्रत्यक्षातल्या कॉम्प्रेसरमध्ये ८० च्या पुढे. १.६ लिटरच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन ९.४ ला १, म्हणजे टर्बोविना चालण्यासाठी ठरवलेले. तापलेली हवा त्यात आणखी दाबली गेली की ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते, नॉकिंग होते आणि पिस्टनच्या कडा तुटतात. ते टाळायला इंटरकूलर, जास्त इंधन सोडणारे इंजेक्टर आणि ठिणगी मागे घेणारा नवा संगणक लागतो. क्लचही जास्त पकडीचा लागतो. एवढे करून बळ मागे पोहोचते तेव्हा वाटेत १.६ चा तो लहान डिफरन्शियल उभा असतो, आणि वाढलेल्या टॉर्कपुढे त्याचे दाते टिकत नाहीत. ज्यांनी ही वाट आधी तुडवली आहे ते टर्बोची ऑर्डर देण्याआधी भंगारात निघालेल्या १.८ च्या गाडीचा डिफरन्शियल शोधून आणतात.