मासे चालले टू बीएचकेत!

प्रमोशन झालं, वन आरकेतून टू बीएचकेत शिफ्ट झालात. हॉलमध्ये नवा सोफा आला, भिंतीवर मोठा टीव्ही आला. आणि कोपऱ्यात? तोच जुना २ फुटी फिश टँक, आणि त्यात धड वळताही न येणारे दोन गलेलठ्ठ गोल्डफिश! मग एका वीकएण्डला तुम्ही ४ फुटी चकाचक टँक आणता. धुता, भरता, मासे सोडता, फोटो काढता. पुढच्या रविवारी बघता तर त्यातला एक पाण्यावर आडवा. दुकानदार थंडपणे म्हणतो, ‘पानी सूट नहीं हुआ.’ तुम्ही म्हणता, नशीब!

नशीब-बिशीब काही नसतं हो. मोठ्या घरात गेलेले मासे मरतात त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. तुम्ही मासे नेता, पण त्यांची घाण साफ करणारी यंत्रणा जुन्या टँकबरोबर मोरीत ओतून टाकता.

मला हा सगळा फंडा नीट कळला तो आरे-वारेला. रत्नागिरीहून किनाऱ्याच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला निघालात की डोंगरावरच्या एका वळणावर गाडी आपोआप थांबते. खाली आरे आणि वारे असे जुळे किनारे. तिथेच आरेत माझी मावशी राहते. तिचा मुलगा, म्हणजे माझा दादा, पुण्यात आयटीत होता. लॉकडाऊननंतर कंपनीने कायमचं वर्क फ्रॉम होम दिलं, तेव्हा तो आणि वहिनी गावी गेले. सामान टेम्पोने आधीच पोहोचलं. मासे मात्र पुण्यातच, शेजाऱ्यांच्या भरवशावर. गावी नवा ४ फुटी टँक तयार झाल्यावर दादा त्यांना न्यायला आला आणि मीही गाडीत बसले. दोन गोल्डफिशसाठी आठ तासांचा प्रवास करणारा माणूस, स्टोरी तर होणारच ना!

फिल्टर धुवायचा नाही, म्हणजे नाही

दादाने पॅकिंगला सुरुवात केली ती माशांपासून नव्हे, फिल्टरपासून. काळपट, शेवाळलेला, बघूनच ‘शी!’ म्हणावं असा स्पंज. वहिनी व्हिडिओ कॉलवरून ओरडली, ‘अहो, तो तरी नवीन घ्या!’ दादा ढिम्म.

त्याचं बरोबर होतं. मासे श्वास घेतात, खातात, घाण करतात, त्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. हा अमोनिया कल्ले जाळतो. स्पंजवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, माशांच्या रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही. नायट्रेट मात्र बऱ्यापैकी सोसवतं आणि ते पाणी बदलून काढता येतं. कोऱ्या टँकमध्ये हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोपर्यंत मासे स्वतःच्याच घाणीत पोहतात.

गंमत अशी की हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते चिकटून राहतात, स्पंजला आणि तळाच्या खड्यांना. त्यामुळे ‘जुनं पाणी थोडं घातलं की झालं’ हा आपल्याकडचा लाडका सल्ला अर्धवट आहे. जुनं पाणी माशांना सवयीचं वाटतं, एवढाच त्याचा उपयोग. खरी दौलत त्या घाणेरड्या स्पंजात आहे. तो नळाखाली खळाखळा धुतलात तर क्लोरीनने जिवाणू मेलेच समजा. फारच गाळ असेल तर टँकमधल्याच बादलीभर पाण्यात हलका पिळायचा, बस्स.

प्रवासात त्या जिवाणूंनाही हवा लागते. म्हणून स्पंज पाण्याने गच्च भरलेल्या बंद बाटलीत न कोंबता, डब्यात थोडं पाणी आणि वर मोकळी जागा ठेवून नेला. तळाचे खडे दादाने सगळे नेले नाहीत. जुन्या खड्यांत खूप गाळ दबलेला असतो, तो एकदम ढवळला तर दुर्गंध तर सुटतोच, पण पाणीही बिघडतं. दोन मुठी खडे जुन्याच पाण्यात विसळून घेतले, बाकीचे कुंड्यांत गेले.

आंबा घाट, उपाशी पोटी

मासे आदल्या दिवसापासून उपाशी होते. ऐकायला क्रूर वाटतं, पण पोट रिकामं तर प्रवासात घाण कमी, म्हणजेच अमोनिया कमी. झाकणाच्या दोन स्वच्छ बादल्या, प्रत्येकीत २० लिटर जुनं पाणी आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप. पकडताना जाळी नाही. मोठ्या गोल्डफिशचे खवले आणि पंख जाळीत फाटतात, म्हणून टबमध्ये अलगद घेऊन पाण्यासकट उचलले. झाकण लावलं की आत अंधार, आणि अंधारात मासे शांत राहतात. कराड, मलकापूर, आंबा घाट... घाटात मला गरगरत होतं, मासे मजेत.

तुम्ही दुकानातून पिशवीत मासे नेणार असाल तर हिशेब थोडा वेगळा. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा हवी. आणि प्रवास लांबचा झाला असेल, तर पिशवी उघडून त्यातच तासभर थेंब थेंब पाणी घालत बसू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पाणी आम्ल होतं आणि त्यामुळे साठलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की तो वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी बंद पिशवी नव्या टँकमध्ये १५-२० मिनिटं तरंगत ठेवा, तापमान जुळलं की उघडा आणि मासे फार न रेंगाळता सोडा. पिशवीतलं पाणी मात्र बाहेरच ओता.

विहिरीचं पाणी गोड, पण...

दादाची खरी परीक्षा आरेत होती. पुण्यातल्या सोसायटीत बोअरवेलचं जड पाणी. आरेत जांभ्या दगडातली विहीर, तिचं पाणी मऊ. घरच्या आरओसाठी मिळतो तसला टीडीएस मीटर त्याच्याकडे होता. पुण्याच्या बाटलीचा आकडा ५०० च्या पुढे, विहिरीचा १०० च्याही आत. जड पाण्यातला मासा एकदम मऊ पाण्यात टाकला तर त्याच्या शरीरातलं क्षारांचं गणित कोलमडतं. शिवाय अशा मऊ पाण्याचा पीएच हळूहळू घसरत जातो आणि फार घसरला की ते जिवाणूही काम थांबवतात.

यावर उपाय समोरच्या किनाऱ्यावर पडला होता. रिकामे शिंपले! दादाने ते गोड्या पाण्यात धुऊन, उकळून, जाळीच्या पिशवीत बांधून नव्या फिल्टरमध्ये ठेवले होते. शिंपले म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ते सावकाश विरघळतं आणि पीएच सावरून धरतं. (आत जिवंत प्राणी असलेले शिंपले उचलायचे नाहीत, हे सांगायला नकोच.)

दुसरी भानगड टीसीएलची. गावातल्या विहिरींत ग्रामपंचायत अधूनमधून टीसीएल पावडर टाकते, त्यामुळे ‘विहिरीचं पाणी म्हणजे क्लोरीन नाही’ असं धरून चालत नाही. दादाने ती कधी टाकली ते विचारून ठेवलं होतं. शिवाय दोन दिवस आधी टँक भरून, अँटी-क्लोरीन घालून, एअर पंप चालू ठेवला होता. शहरात नळाच्या पाण्यालाही हाच नियम.

आणि वजन! ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच म्हणजे ९ घनफूट, म्हणजेच जवळपास २५५ लिटर पाणी. पाण्याचंच वजन अडीचशे किलो, काच आणि खडे वेगळे. आधीच्या २ फुटी टँकमध्ये जेमतेम ५६ लिटर मावायचं. मावशीला टँक पडवीत हवा होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. पण पडवीत ऊन, आणि उन्हात शेवाळ. शेवटी माजघरात, सपाट लादीवर, लोखंडी स्टँडवर खाली थर्मोकोलची शीट घालून तो बसवला. शेजारचे काका बघून गेले. ‘एवढं पाणी, आणि खायचे नाहीत?’ कोकणात या प्रश्नाला उत्तर नसतं.

संध्याकाळी जुना स्पंज सगळ्यात आधी नव्या टँकमध्ये, नव्या मोठ्या फिल्टरच्या शेजारी. मग बादल्या. एअर पंपाच्या बारीक नळीला सैल गाठ मारून टँकमधलं पाणी थेंबाथेंबाने बादलीत सोडलं, जवळजवळ दोन तास. बादल्यांतला पंप वाटभर चालू होता, त्यामुळे पिशवीसारखा वायू साठण्याचा प्रश्न नव्हता. लाइट बंद, झाकण बंद, कारण बिथरलेले मासे पहिल्या रात्री उडी मारतात. मावशी सारखी डोकावत होती. ‘काय गो, जेवायला नाही घालायचं बिचाऱ्यांना?’ नाही मावशी, उद्या. तेही चिमूटभर.

दुसऱ्या दिवशी आम्ही रत्नागिरीत गेलो. वाटेत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय लागतं, १९८१ सालचं. शहरात झाडगावच्या सागरी संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे, तिथला देवमाशाचा सांगाडा बघाच. दोन्ही कोकण कृषी विद्यापीठाची. मुंबई-पुण्याहून आलेले बहुतेक पर्यटक वारेच्या पुलावरून थेट पुळ्याला पळतात, तेव्हा हे सांगून ठेवते. आणि हो, आरेच्या खडकांतल्या डबक्यात दिसणारे चिमुकले मासे बाटलीत भरून नेऊ नका. ते खाऱ्या पाण्यातले, तुमच्या टँकमध्ये एक रात्र काढणार नाहीत.

उलटंही तितकंच खरं. टँकमध्ये मावेनासा झालेला मासा नदीत, खाडीत सोडणं म्हणजे दया नव्हे. टँकची काच साफ करायला म्हणून घरी आणलेला सकर मासा आज उजनीच्या जलाशयात मच्छीमारांची जाळी फाडतोय.

पुढचा आठवडाभर दादा रोज टेस्ट किटमध्ये थेंब टाकून फोटो पाठवत होता. पिवळा रंग म्हणजे अमोनिया शून्य, हिरवट झाला की लगेच पाव टँक पाणी बदलायचं. एकदाच, चौथ्या दिवशी, पुसट हिरवं दिसलं. त्याने पाणी बदललं, खाणं अर्ध्यावर आणलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पिवळं. वीज गेली तर त्याच्याकडे इन्व्हर्टर आहे आणि बॅटरीचा पंपही. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळानंतर किनाऱ्यावर कुणालाच हे सांगावं लागत नाही.

आता सगळ्यात अवघड भाग. एवढा मोठा टँक, त्यात फक्त दोन मासे, आणि फेरफटक्याला रत्नागिरीतलं मत्स्यदुकान! हात शिवशिवतातच. पण जुना स्पंज दोन माशांपुरताच आहे. एकदम आठ मासे आणलेत तर जिवाणू पुरे पडत नाहीत आणि सगळी मेहनत पाण्यात. महिनाभर थांबा, दोन्ही फिल्टर चालू ठेवा, मग एका वेळी एक-दोन मासे वाढवा. तेही गोल्डफिश असतील तर हात आखडूनच. नीट सांभाळले तर ते दहा वर्षंही सहज जगतात आणि वीतभर वाढतात.

जुना टँक ऑनलाइन विकायला काढू नका. दादाचा पडवीत सावलीच्या कोपऱ्यात रिकामा ठेवलाय. नवीन येणारा प्रत्येक मासा आधी तिथे तीन आठवडे राहणार, स्पंजचा एक तुकडा सोबतीला घेऊन. त्याच्या अंगावर पांढरे ठिपके वगैरे काही दिसलं नाही, तरच माजघरात एन्ट्री.