‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ म्हणजे काय?

मागच्या महिन्यात इतवारीतले एक किराणा व्यापारी दवाखान्यात आले. वय अठ्ठावन्न, रक्तदाबाचे जुने रुग्ण. पट्टा बांधून पाहिला तर दाब १९० आणि ११०. गोळ्या घेता की नाही असे विचारल्यावर त्यांनी खिशातून घडी घातलेले वर्तमानपत्राचे कात्रण काढले. ‘‘डॉक्टरसाहेब, हे वाचलं का जी? लसणानं बीपी उतरते म्हणून संशोधनात सिद्ध झालं आहे. तीन आठवड्यांपासून गोळी बंद केली, सकाळी चार पाकळ्या खातो.’’

कात्रण मी दोनदा वाचले. प्रयोग कोणावर झाला, किती जणांवर, किती दिवस, लसूण न खाणाऱ्यांचे काय झाले, यातले काहीही त्यात नव्हते. फक्त ‘संशोधकांच्या मते’ एवढे होते. आमच्या व्यापारी मित्रांना मी एवढेच म्हटले की, उद्या एखादा माणूस ‘माझ्या गव्हाचा उतारा उत्तम आहे’ असे सांगत आला, तर तुम्ही पोत्यात हात घालाल, तोलून पाहाल, दुसऱ्याच्या गव्हाशी ताडून पाहाल. संशोधनाच्या बातमीला मात्र आपण न तोलता पैसे देतो. गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू केली. लसूण खायला माझी हरकत नाही, तो भाजीत चांगलाच लागतो.

वैद्यकीय संशोधन नेमके कसे होते आणि त्यावर विश्वास कधी ठेवावा, हे एका उदाहरणावरून सांगतो. त्यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. जगातल्या नामांकित ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेले आणि अनेक देशांच्या आरोग्य खात्यांनी विचारात घेतलेले एक संशोधन आपल्या विदर्भातच, गडचिरोली जिल्ह्यात झालेले आहे.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग दोघेही नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९८४ साली ते परतले आणि गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. चंद्रपूरमधून निघालेला हा जिल्हा तेव्हा अवघा काही वर्षांचा होता. इतवारी स्टेशनवरून सुटणारी नागभीडची छोटी गाडी २०१९ मध्ये बंद होईपर्यंत त्या बाजूचे बरेच रुग्ण आमच्याकडे येत. एवढ्याशा तापासाठी एवढ्या लांब का येता, असे त्यांना विचारायची सोय नव्हती. जवळ काही नसायचे, म्हणून येत.

तिथला पहिला मोठा प्रयोग लहान मुलांच्या न्यूमोनियाचा, ज्याला आपल्याकडच्या जुन्या बायका ‘डब्बा’ म्हणतात. न्यूमोनिया ओळखायला एक्स-रे लागतो असे आम्हाला शिकवलेले. खेड्यात एक्स-रे कुठला? पण न्यूमोनिया झालेल्या मुलाचा श्वास जलद चालतो, आणि श्वास मोजता येतो. अडचण एवढीच की गावच्या सुईणींना पन्नास-साठपर्यंत आकडे मोजता येत नव्हते आणि घड्याळही नव्हते. म्हणून एक साधे उपकरण तयार झाले. एका मिनिटात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर समजायचे न्यूमोनिया आहे आणि औषध द्यायचे. दहापर्यंत तर कोणालाही मोजता येते! ५८ गावांत हे काम झाले आणि ४४ गावांत झाले नाही. प्रशिक्षित माणसांनी औषध दिलेल्या ६१२ न्यूमोनियांत मृत्यूचे प्रमाण शेकडा १ पेक्षाही कमी, तर दुसऱ्या गावांत ते शेकडा साडेतेरा. हा लेख १९९० मध्ये प्रसिद्ध झाला.

आता मुख्य गोष्ट. न्यूमोनिया आवरला तरी जन्मल्यापासून पहिल्या महिन्यात जाणारी बाळे जातच होती. ती का जातात, हे पाहायचे तर बाळंतिणीच्या खोलीत जायला हवे. १९९५-९६ या वर्षात ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांना घरी जाऊन वारंवार तपासले गेले. जवळजवळ सर्व बाळंतपणे घरीच. निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज पडली आणि ती मिळाली शंभरात तिघांनाही नाही, नेमके सांगायचे तर २.६ टक्के बाळांना. यात अजून कोणतेही नवे औषध नाही, शोध नाही. नुसते नीट पाहणे आणि मोजणे आहे. पण माझ्या मते संशोधनाचा हा भाग सर्वांत मोलाचा. दवाखान्यात खुर्चीवर बसून आम्हा डॉक्टरांना फक्त आलेला रुग्ण दिसतो. न आलेले सत्त्याण्णव दिसत नाहीत.

प्रयोगाची आखणी अशी होती. ३९ गावे उपायाची आणि ४७ गावे तुलनेची. १९९३ ते ९५ ही दोन वर्षे दोन्हीकडे काहीच नवे केले नाही, फक्त प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू लिहून ठेवला. उपायाच्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यात दगावत होती, तुलनेच्या गावांत ५८. म्हणजे सुरुवातीची रेघ जवळपास एकच. त्यानंतर ३९ गावांत पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना शिकवून तयार केले. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. बाळंतपणाला हजर राहायचे, न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायचा, वजन करायचे, बाळ उबदार ठेवायचे, अंगावर पाजण्यातल्या अडचणी सोडवायच्या. आणि जंतुदोषाची ठरावीक लक्षणे दिसली तर आईबापांना दवाखाना सुचवायचा. ते जाऊ शकत नसतील, तर त्यांच्या संमतीने घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि पोटातून औषध द्यायचे.

वाचकांना हे ४७ गावांचे प्रकरण निर्दयपणाचे वाटेल. मलाही वाटले होते. पण त्या गावांत सरकारी आरोग्यसेवा चालूच होती, काही काढून घेतले नव्हते. आणि ती गावे नसती तर काय झाले असते? समजा तीन वर्षांत ३९ गावांतले मृत्यू निम्मे झाले. कोणीही म्हणू शकला असता की पाऊसपाणी चांगले झाले, रस्ता झाला, सरकारी लसीकरण वाढले, म्हणून झाले. तेच पाऊसपाणी शेजारच्या ४७ गावांतही होते, म्हणून हा आक्षेप टिकत नाही. आमचे व्यापारी मित्र सकाळी लसूण खात होते, तेव्हाच त्यांनी रात्रीचे खारे शेव-चिवडा सोडले होते आणि मुलीच्या लग्नाची धावपळही संपली होती. दाब थोडा उतरला असता, तरी कशाने उतरला हे कसे सांगणार?

आणखी एक गोष्ट जी बातमीत कधी येत नाही. जन्म-मृत्यूची नोंद ठेवणारी माणसे वेगळी होती. बाळाची काळजी घेणारीनेच ‘किती वाचली’ हे लिहायचे ठरले, तर मनात नसतानाही हात वळतो. आपल्याच दुकानाचा हिशेब आपणच तपासण्यासारखे आहे ते.

तिसऱ्या वर्षी उपायाच्या गावांत मृत्यू ६२ वरून २५.५ वर आले. तुलनेच्या गावांत ५८ चे ५९.६ झाले, म्हणजे काही फरक नाही. इकडची ५९ टक्क्यांची घट आणि तिकडची सुमारे ३ टक्क्यांची वाढ लक्षात घेऊन निव्वळ घट ६२ टक्के धरतात. उपायाने प्रत्यक्षात काहीच होत नसते, तर नुसत्या योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता हजारात एकापेक्षाही कमी. जंतुदोष झालेल्या बाळांचा हिशेब आणखी बोलका आहे. इंजेक्शन सुरू होण्याआधी १६३ पैकी २७ बाळे गेली होती, सुरू झाल्यावर ७१ पैकी २. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आले.

खरे सांगायचे तर हे प्रथम वाचले तेव्हा मी ते मनाने स्वीकारले नव्हते. नुकताच दवाखाना थाटलेला, भिंतीवर पदवी टांगलेली. सातवी शिकलेली बाई दोन किलोच्या बाळाला जेंटामायसिन टोचणार, हे वाचून अंगावर काटाच आला. मित्रमंडळीत आम्ही तसे बोललोही. आकडे पुन्हा पाहिल्यावर तोंड बंद झाले. तिच्या हातून बाळे दगावण्याचे प्रमाण वाढायला हवे होते, ते घटले होते. संशोधनाचा उपयोगच हा की आपल्या मताला कोणी विचारत नाही.

तरीही या अभ्यासात एक उणीव आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. कोणते गाव कोणत्या बाजूला, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते. चिठ्ठी टाकली म्हणजे संशोधकाची आवड-निवड बाजूला पडते. आपल्या देशात याचा उत्तम नमुना मद्रासचा. क्षयाच्या जवळपास दोनशे रुग्णांपैकी कोणाला सॅनेटोरियममध्ये ठेवायचे आणि कोणाला घरी औषध द्यायचे, हे तिथे १९५० च्या दशकात असेच दैवावर सोपवले होते. घरी राहिलेलेही जवळपास तितकेच बरे झाले. त्यानंतर क्षयाच्या रुग्णाला डोंगरावरच्या इस्पितळात धाडण्याची पद्धत जगभर मागे पडली.

उणीव भरून निघते ती दुसऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिल्यावर. उत्तर प्रदेशातल्या शिवगढला मुख्यतः बाळाची ऊब आणि स्वच्छता यांवर भर देऊन, तर बांगलादेशात सिल्हेटला गडचिरोलीसारखी घरभेट आणि इंजेक्शने वापरून, चिठ्ठीच्या पद्धतीने प्रयोग झाले. दोन्हींचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. शिवगढला घट ५४ टक्के, सिल्हेटला ३४. पाकिस्तानात हाला येथे सरकारी आरोग्यसेविकांमार्फत केलेल्या प्रयोगात (२०११) घट आली १५ टक्के. ६२ पासून १५ पर्यंत. यात कोणी खोटे बोलले असे नव्हे. जिथे संस्थेची माणसे पंधरवड्याला देखरेखीला येतात तिथला निकाल वेगळा, आणि जिथे एकाच सरकारी बाईवर दहा कामे आहेत तिथला वेगळा. पण सगळीकडे काटा एकाच दिशेला झुकला. एका अभ्यासाच्या आकड्यापेक्षा मला हे जास्त विश्वासार्ह वाटते.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००९ मध्ये नवजात बाळांसाठी घरभेटींची संयुक्त शिफारस केली. भारत सरकारने २०११ पासून हे काम आशा कार्यकर्तीकडे सोपवले. इंजेक्शन तिच्याकडे दिलेले नाही, पण तपासणी आणि घरभेटी तीच करते. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ती घरी येते. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. शहरातल्या वस्त्यांतही आशा आहेत. आमच्या भागात काही घरांत तिला दारातूनच ‘आमचा डॉक्टर आहे’ म्हणून परत पाठवतात. मी तो डॉक्टर आहे आणि विनंती करतो की तिला आत घ्या. बाळाचे वजन ती दर खेपेस करते. मला ते दीड महिन्यांनी, डोसाच्या दिवशी कळते.

कात्रणांविषयी थोडे राहिले. बातमीत ‘धोका निम्म्याने कमी’ असे असेल तर कशाच्या निम्म्याने, हे शोधा. हजारात दोघांना होणारा आजार एकाला झाला तरी ती घट ५० टक्केच, आणि त्यासाठी बाकीच्या ९९८ जणांनी वर्षभर गोळ्या गिळल्या. गडचिरोलीत घरची काळजी मिळालेल्या दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला, पोटातले मृत्यू धरून. असा आकडा दिलेला असेल तर बातमी लिहिणाऱ्याने मूळ लेख वाचला आहे असे समजायला हरकत नाही. उंदरांवरचे प्रयोग मनोरंजनासाठी वाचावेत, औषध बदलण्यासाठी नाही. आणि कोणतीही बातमी वाचून गोळी बंद करण्याआधी ती बातमी घेऊन या. कात्रण वाचण्याचे मी पैसे घेत नाही.

ज्यांच्या घरी सध्या महिन्याच्या आतले बाळ आहे त्यांच्यासाठी, त्याच संशोधनातून आलेली लक्षणे देतो. आधी नीट रडणाऱ्या बाळाचे रडणे क्षीण होणे किंवा थांबणे. आधी ओढून पिणाऱ्या बाळाने दूध कमी ओढणे किंवा सोडणे. बाळ सुस्त पडणे, हलवून जागे न होणे. अंग तापणे किंवा हातापायांसकट पोटही गार लागणे. बेंबीत किंवा कातडीवर पू. सारखी उलटी, जुलाब किंवा पोट फुगणे. कण्हणे, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे. गडचिरोलीच्या आरोग्यदूत यातली दोन लक्षणे एकदम दिसली की जंतुदोष धरून उपचार सुरू करीत. आपल्यापासून मेडिकल आणि मेयो दोन्ही जवळ आहेत, तेव्हा आपण एकच दिसले तरी निघावे, रात्र असली तरी. श्वास मोजायचा तर बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्ष ५० किंवा जास्त, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, हे जलद समजावे. मोजण्यात चूक झाली असे वाटले तर लगेच दुसऱ्यांदा मोजा.